काजाचा धडा

कारागीर शाळेच्या संगणक खोलीत काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे जोडारी म्हणत. पाना-पक्कड त्याने जन्मात हाती धरली नव्हती. तो जोडायचा ते ऑनलाइन शिकवणीचे प्लॅटफॉर्म. शाळेचे धडे जुन्या प्लॅटफॉर्मवर, शाळेला हवा नवा, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. तशी या कामासाठी ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून मानकं ठरवली आहेत: धडा अमुक पद्धतीने बांधा, म्हणजे तो कुठेही उघडेल. पण ठरवणं वेगळं आणि उघडणं वेगळं. मधली फट बुजवायला जोडारीने एक प्लगइन, म्हणजे प्लॅटफॉर्मला जोडायचा छोटासा प्रोग्राम, लिहिलं होतं आणि आतल्या कोडसकट सगळ्यांना फुकट वापरायला देऊन टाकलं होतं. कुठल्या कुठल्या शाळा ते वापरत. कुणी आभाराच्या दोन ओळी लिहिल्या की स्वारी दिवसभर हवेत.

त्यातही एका करामतीवर त्याचा फार जीव. धड्यातला आवाज नव्या साच्यात उतरवताना, जिथे कुणी बोलतच नाही अशा रिकाम्या जागा प्लगइन आपोआप कापून टाकी. धडे निम्म्याने हलके होत आणि रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरही झरझर उघडत. हे तो न विचारताही सांगे.

याच प्लगइनने त्याने आत्याचे शिवणाचे धडे नव्या प्लॅटफॉर्मवर आणले. आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं होतं, आणि याच शाळेत जन्मभर शिवण शिकवलं होतं. निवृत्त होण्याआधी तिने सगळे धडे आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवले. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कानाशी आल्याशिवाय कळू नये एवढी कुजबुज उरली. आत्याचा आवाज आता कुठे शिल्लक असेल तर तो त्या धड्यांत. धडे आले तेव्हा तपासणीत सगळीकडे हिरव्या खुणा होत्या. जोडारी निर्धास्त झाला.

पण शिकणाऱ्या बायका धडे अर्धवट सोडून जाऊ लागल्या. प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण रिकाम्या वर्गापुढे त्यांचाही इलाज चालेना. सत्र संपेपर्यंत बायका टिकल्या नाहीत तर हे धडे काढून दुसऱ्या कुणाकडून नवे करून घ्यावे लागतील, असं त्यांनी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं.

घरी हे कसं सांगावं या विचारात तो होता, तर आत्याने त्याचा उतरलेला चेहरा पाहून सगळं काढून घेतलं. मग हसली. आपली शिकवायची तऱ्हाच जुनी, पोरी कंटाळत असतील, काढू देत, म्हणाली. ती हे इतकं सहज म्हणाली की जोडारीला राहवेना. त्याने तिच्याकडे सुई-दोरा आणि एक चिंधी मागितली आणि काज करायचा धडा लावला. आता गंमत बघा, इतके धडे इकडचे तिकडे केलेल्या या गृहस्थाने आजवर धडा उघडतो का एवढंच पाहिलं होतं. करून एकही पाहिला नव्हता.

सुई खालून वर काढा, दोऱ्याचा फास सुईमागून घ्या, ओढा, आता त्याला लागून दुसरा टाका. आवाज आत्याचाच, पण मागे कुणी लागल्यासारखा. याची सुई अजून कापडात, तोवर तिकडे तिसरा टाका सुरू. दोऱ्याचा गुंता झाला. आपलेच हात दगडाचे, असं त्याला वाटलं.

आत्या मात्र कान देऊन ऐकत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. ती सरकून त्याच्या कानाशी आली.

"ही मी नाही रे. मी एवढी घाई कधी केली? एक टाका सांगितला की मी गप्प बसते. पोरींची सुई बाहेर येईपर्यंत."

जोडारीचं तोंड एवढंसं झालं. रेकॉर्डिंगच्या वेळी समोर कुणीही नव्हतं, तरी आत्या थांबली होती, कुठल्याशा अनोळखी बाईच्या अडखळत्या सुईसाठी. आणि त्याने त्या जागा रिकाम्या समजून केरात काढल्या होत्या.

"तुझं थांबणंच कापून टाकलं मी, आत्या."

ती रागावली नाही. परत जोडता येईल का, एवढंच तिने विचारलं.

नशीब, जुना प्लॅटफॉर्म अजून बंद झाला नव्हता. मूळ धडे त्याने जसेच्या तसे आणले. प्लगइनमधली आपली लाडकी करामत काढून टाकली, आणि ते वापरणाऱ्या सगळ्यांना उघडपणे कळवलं की माझ्या शहाणपणामुळे तुमचेही धडे धावत असतील, पाहून घ्या. लिहिताना कान तापले होते. तरी लिहिलं. हळूहळू बायका परतल्या. सगळ्या नाही, पण प्राचार्यांनी धडे ठेवायचं ठरवावं इतक्या नक्कीच.

ही बातमी घेऊन तो घरी आला, तर आत्याने त्याला खाली बसवलं आणि अर्धवट राहिलेलं काज पुढ्यात टाकलं. सुटका नव्हती. त्याने धडा लावला. आवाज म्हणाला, सुई खालून वर काढा, आणि गप्प झाला. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि आत्याचा श्वास. टाका वाकडा पडला, पण पडला. दुसरा पडला. असे चार-पाच टाके झाल्यावर तिचा तो भरदार आवाज म्हणाला:

"जमतंय? सावकाश. मी आहे."

शेजारी बसलेल्या आत्याचे ओठ त्या शब्दांबरोबर हलले. जोडारीला हातातलं कापड दिसेनासं झालं.

"थांब जरा," तो म्हणाला.

आणि धड्यातली आत्या थांबली.