कालचं माप न चालणारे भाऊजी

कालच्या दिवसावर इतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या कोलकात्यात दुसरा सापडायचा नाही. हे आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सुधीरचे मावसभाऊ, शहराच्या बेहाला भागात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात. सुधीरच्या बँकेने आम्हाला इथे आणून टाकलं, भाऊजींना त्यांच्या हॉस्पिटलने. तिथे ते भौतिकतज्ज्ञ आहेत. कॅन्सरच्या गाठीवर प्रोटॉनचे किरण कुठून आणि किती खोलवर सोडायचे, याचा आराखडा ते आखतात आणि पेशंटचं शरीर बदललं की तो बदलतात. या धंद्याने म्हणा किंवा मूळ स्वभावाने म्हणा, ‘काल’ हा शब्द ते नासलेल्या दुधाबद्दल बोलावं तसा उच्चारतात. जेवायला बसले आणि मी सवयीने चार पोळ्या वाढल्या, की ताट मागे सरकवतात. “माधुरी, चार काल खाल्ल्या. आजची भूक तू विचारलीस का?” रोजच्याच मेट्रो स्टेशनात बाहेर पडायची पाटी नव्याने वाचतात. रोज एकाच मासेवाल्याकडे जातात आणि रोज कल्ले उघडून बघतात. तेच दुकान, तोच माणूस, तरी विश्वास नाही म्हणून तो बिचारा एकदा कळवळून म्हणाला, “दादा, रोज एकी दोकान, एकी लोक, तबू बिश्शास नेई?” भाऊजी शांतपणे म्हणाले, “लोक एकी, माछ आलादा.” माणूस तोच असला तरी मासा वेगळा, असं म्हणून त्यांनी पुढच्या माशाचा कल्ला उघडला.

जिन्यात कुणी भेटलं की “कसे आहात?” विचारून ते खरोखर उत्तरासाठी थांबतात, वर चेहरा निरखतात. तळमजल्यावरच्या घोषबाबूंना त्यांनी एका सकाळी डावा गाल सुजल्याचं सांगितलं. घोषबाबूंना राग आला. संध्याकाळी तेच गालावर हात धरून दातांच्या डॉक्टरकडे निघालेले दिसले. तेव्हापासून घोषबाबू भाऊजींना चुकवूनच जिना उतरतात.

मीही या सगळ्याला पुष्कळ हसले आहे. पण सुधीरच्या नाकाशेजारच्या पोकळीत गाठ निघाली आणि माझं हसू पळालं. गाठीला लागूनच डोळा. भाऊजींनी मला समोर बसवून सांगितलं, “हा किरण ठरलेल्या खोलीपर्यंत जातो आणि थांबतो, म्हणून तर डोळा वाचतो. पण वाटेतलं मांस झिजलं किंवा सर्दीने भरलेलं नाक मोकळं झालं, की तोच किरण पुढे सरकतो. म्हणून रोज बघायचं.” मग काय, रोज बघणं सुरू झालं. दारात उभे राहून पहिला प्रश्न, “सुध्या, नाक कसं आहे?” त्यानंतर हॉस्पिटलात डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा, स्कॅन, आणि मगच किरण.

सुधीरला अन्न जाईना. तो उतरत चालला आणि मुखवटा सैल पडू लागला. आता एकदा मंजूर झालेल्या गोष्टीत दुरुस्ती करावी लागली म्हणजे कुणाची तरी चूक, हा बँकेतल्या उभ्या नोकरीचा संस्कार. दादाचा आराखडा आपल्यामुळे बिघडायला नको म्हणून हा गृहस्थ मुखवट्याच्या आत गाल फुगवून पडला! जाळी छान भरली. स्कॅनमध्ये मात्र दोन्ही गालांत नुसती हवा दिसली. त्या दिवशी किरण थांबवले. भाऊजी बाहेर आले. आता ओरडतील म्हणून मी पदर घट्ट धरला, तर ते डोळे पुसत हसत होते. “अरे शहाण्या, माणसाने आराखड्यासारखं व्हायचं नसतं. आराखड्याने माणसासारखं व्हायचं. त्याचाच तर मला पगार देतात.” नवा मुखवटा झाला, नवा आराखडा झाला, आणि उपचार पार पडले. गाठ गेली, डोळा राहिला. आज सुधीर त्याच डोळ्यावर चष्मा चढवून माझ्या आमटीत खोट काढतो. भाऊजींवर माझा भरवसा आहे तो असा, डोळे मिटून.

परवा ते जेवायला आले, तेव्हा निरखायची पाळी माझी होती. एका हाताने पँट सावरत होते. पट्टा शेवटच्या भोकात असूनही ढिला. “भाऊजी, किती उतरलात! एस्प्लनेडच्या बाजारात नवा पट्टा घेऊ या,” मी म्हणाले. “छे, माप बरोबर आहे,” ते म्हणाले. आमच्या जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, वारल्या, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीच ते भोक पाडून दिलं होतं. जगातलं एवढं एकच जुनं माप भाऊजींनी तपासायचं सोडून दिलं होतं.

सुधीर उठला, गॅसवर खिळा तापवून आणला आणि हात पुढे केला. “दे दादा. माणसाने पट्ट्यासारखं व्हायचं नसतं.” भाऊजींनी बराच वेळ पट्टा सोडला नाही. मग सोडला. नवं भोक पडलं. ते जुन्या भोकावरून अंगठा फिरवत राहिले आणि म्हणाले, “ती असती तर हे कालच झालं असतं.”

त्यांच्या तोंडून ‘काल’ इतक्या मायेने मी कधी ऐकला नव्हता. मी ताटात पोळी वाढली. किती हव्यात, ते त्या दिवशी विचारलं नाही, आणि त्यांनीही ताट मागे सरकवलं नाही.