गंधमुक्तीच्या कार्डावरचं नाव

शाईचा वास आला की शहाद्यातलं ते छपाईचं दुकान आठवतं. बायको गेली, तिच्या गंधमुक्तीचं, म्हणजे उत्तरकार्याचं कार्ड छापायचं होतं. कॉम्प्युटरवरच्या पोरीला म्हटलं, तिच्या नावावरची ठळक अक्षरातली माझ्या नावाची ओळ काढून टाक, सारं गाव तिला तिच्याच नावानं ओळखायचं. पोरीनं ओळ खोडली, तर बायकोचं नावही गेलं. मला संशय आला. "माय, तिले कोठे लपाडं?" पोरगी पडद्याकडं बोट दाखवत हसली. "बाबा, आठे कार्डनं पान झाडसारखं शे. काकूनं नाव तुमना नावनी फांदीवर व्हतं. फांदी तोडी, तेबी गयं." "मंग वेगळी फांदी कर. मन्हा डोयासमोर." तिनं केली. तरी कार्ड छापून हाती येईस्तोवर मी तिथून हललो नाही. आज वाटतं, ती जिवंत होती तेव्हाच तिला माझ्या नावाखालून बाहेर काढायला पाहिजे होतं.