जहाजाच्या पोटात

संग्रहालयात सगळे तिला कप्तानबाई म्हणत. तळमजल्यावरच्या लाकडी जहाजात ती सुट्टीला आलेल्या कुटुंबांना घेऊन जाई, मुलांना दोरीच्या गाठी मारायला शिकवी आणि जुन्या खलाशांच्या गोष्टी सांगे. तिने स्वतः मात्र समुद्र पाहिलाच नव्हता. घरी वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आणि एकुलता भाऊ परदेशात.

त्या दिवशी आईबाप आणि दोन मुलं असं चौकोनी कुटुंब तिच्याबरोबर जहाजाच्या पोटात उतरलं. वरची झडप धाडकन पडली आणि अडकली. दिवाही गेला.

"आता काय हो?" मुलांच्या आईने दोघांना जवळ ओढत विचारलं.

"संग्रहालयाचे सुतारदादा येतील. तोवर आपण खलाशी!" तिने अंधारातच बिस्किटं वाटली. "आधी जमिनीवर आपटा. खलाशी असंच करायचे, आतले किडे बाहेर पडावेत म्हणून."

"ईऽऽ!" धाकटी किंचाळली आणि मग ठकठक सुरू झाली. मग कप्तानबाईने हरवलेल्या दिवसाची गोष्ट काढली. पश्चिमेकडे जात जात खलाशी पृथ्वीला वळसा घालून आले. परतीच्या वाटेवर एका बंदरात उतरले, तर जहाजावर बुधवार आणि बंदरात गुरुवार!

"मग त्यांचा दिवस कुणी घेतला?" धाकटीने विचारलं.

एरवी कप्तानबाई सूर्य आणि पृथ्वीचं फिरणं समजावून सांगे. आज तिच्या मनात आलं, आपले दिवस कुणी घेतले?

सुताराने पहारीने झडप उचकटली. मुलांचा बाप घाम पुसत म्हणाला, "बाई, तुम्ही जराही घाबरला नाहीत!"

ती हसली, पण ते वाक्य तिला बसमध्ये घरापर्यंत टोचत राहिलं. घाबरणार कशी? कोंडून राहायची तिला सवयच झाली होती.

वडिलांना भरवून झाल्यावर तिने भावाला फोन लावला. "आठ दिवस तू येऊन बाबांजवळ राहा. मला समुद्र बघायचाय."

"बघतो गं."

"बघतो नको. तारीख सांग."

खाटेवरून वडील अडखळत, पण मोठ्याने म्हणाले, "सांग... की... रे!"

भावाने अजून तारीख दिलेली नाही. ती मात्र दर रविवारी विचारते, आणि उत्तरासाठी फोन आता वडिलांच्या कानाशी धरते.