कुरोड्या वाळेपर्यंत

धाड गावात आमच्या शेजारी राहणारा एक गडी कचेरीतून आला की लुंगी लावून कॉम्प्युटरवर लढाई खेळायला बसतो. कुणी हाक मारली तर "थांब बे, मरून राह्यलो" एवढंच बोलतो. त्याचा प्रोसेसर इतकी वीज ओढतो की आमचा पंखा मंदावतो, आणि इतका तापतो की त्याच्या घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडेच तोंड करून असतो. हा स्वतः घामानं निथळतो.

गेल्या रविवारी ऐन वाळवणात आभाळ आलं. आईच्या कुरोड्या ओल्याच होत्या, आंबल्या असत्या. तिनं ताट उचललं आणि थेट त्याच्या कॉम्प्युटरमागं, गरम हवा निघते तिथं, नेऊन ठेवलं.

"हे सुरू ठेव, बाबू."

"काकू, मी खेळात मेलो का हे थंडं पडते."

"मंग मरू नोको."

त्यानं दमट हवा नको म्हणून कूलर बंद केला. एरवी शत्रू दिसला की धावून जाणारा तो गडी त्या दुपारी खेळातल्या एका झुडपामागं चुपचाप दडून राहिला. चहूकडून गोळ्या सुटत होत्या.

शेवटी आईनं एक कुरोडी मोडून पाहिली. कटकन वाजली.

"मर आता, बाबू," ती मायेनं म्हणाली, "वाळल्या."