बाइकवर फिरणारा फाँट

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर नवऱ्याने टाकलेला मराठी फाँट सारखा गायब व्हायचा. पत्रिका उघडावी, तर कुलदैवताच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! शहापूरच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. नवरा म्हणाला, "तुझ्या हाताला गुणच नाय. मी असतो तेव्हा सगळं नीट दिसतं."

हे मला झोंबलं. मी पाळत ठेवली. खरंच, तो असला की अक्षरं शहाण्यासारखी बसायची आणि तो गेला की पसार व्हायची.

त्याच्या बाइकच्या किल्लीला पेनड्राइव्ह अडकवलेला होता. किल्ली हरवू नये म्हणून आल्या आल्या तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला खुपसायचा, जणू कॉम्प्युटर म्हणजे किल्ली अडकवायची खुंटीच. फाँट टाकताना त्याने नुसता शॉर्टकट टाकला होता. खरा फाँट पेनड्राइव्हमध्येच राहिला होता आणि किल्लीबरोबर गावभर हिंडत होता.

मी फाँट कॉम्प्युटरमध्ये नीट बसवला, पेनड्राइव्ह उपटला आणि पत्रिका उघडली. कुलदैवत जागेवर! मग किल्ली नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"तुमी खुशाल हिंडा आता. तुमच्यावाचून काय अडत नाय."