चूल न पेटलेल्या दारात

यंदा शिमग्याला जायचं ते कायमचं राहायलाच, असं ठरवून दुकान मुलीच्या हवाली केलं आणि डोंबिवलीहून पहाटे निघालो. तुम्ही जाणार असाल तर माणगावची बाजारपेठ सातच्या आत ओलांडा. आम्ही तासभर खोळंबलो. पुढे म्हसळ्याकडचा रस्ता बरा आहे. आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे.

घर उघडलं. वादळात उडालेलं छप्पर मी नवं घातलंय, पण पंप बंद आणि चुलीत मुंग्या. बायको म्हणाली, "दोन दिवस बाबूकाकांकडे राहू." काका शेजारी, वाडीत होमस्टे चालवतात. सुरमईचं ताट चारशेला, सोलकढी मागाल तितकी.

"आलास व्हय चाकरमान्या?" काका.

"काका, जन्मात कुणाची चाकरी केली न्हाय. हातगाडीवर खिळे विकून दुकान उभं केलं."

शब्द तसा सरळ. चाकर फारसीतून आलेला. मुंबईला चाकरीला गेला तो चाकरमानी. गिरण्या गेल्या, माणसं डोंबिवली-विरारला सरकली, शब्द तिथेही मागोमाग आला.

"चाकरी कोण बघतंय रं," काका म्हणाले. "सणाला येतो नि कुलूप लावून जातो, तो चाकरमानी."

"यंदा कुलूप न्हाय."

"बरं. बघू."

दुसऱ्या दिवशी ढोल वाजत पालखी आली. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, माझ्या हातात डोंबिवलीहून आणलेला नारळ. पुढच्या भोयाने काकांना विचारलं, "चूल पेटली काय हितं?"

काकांनी मान खाली घातली. "न्हाय. माझ्याकडं जेवतात."

पालखी पुढच्या घराकडे वळली. आमच्या गावात सणाच्या दिवशी ज्या घरची चूल पेटते, तिथेच देव टेकतो. पोरपणापासून माहीत असलेली गोष्ट. मी ती चक्क विसरलो होतो.

बायको काटक्या घेऊन धावली. भोई हळूच म्हणाला, "पालखी मागं फिरत न्हाय, वहिनी. चाकरमान्यांचे नारळ संध्याकाळी देवळात घेतात."

मी देवळात गेलो नाही. सकाळी दार ओढलं, कुलूप लावलं. काका कुंपणापाशी उभे होते. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

डोंबिवलीत सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "आलात गावाहून?" इथे आम्ही गाववाले.

नारळ देव्हाऱ्यापाशी तसाच आहे. बायको म्हणते, फोडा आता. कुठल्या दारात, ते मला सुचत नाही.