चांदवडहून आणलेली छत्री

पुण्याहून निघताना सुनीलनं एवढंच सांगितलं, "ताई, छत्री तेवढी नीट घडी घालून आण." माझा धाकटा भाऊ महिनाभर पाठीवर पडून होता. चांदवडच्या डोंगरावरून पॅराशूट घेऊन उडाला आणि उतरताना कोसळला. आता तो चालणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. छत्री आली की उन्हाळ्यात पुन्हा उडायचं, असं तो भेटेल त्याला ऐकवत होता.

नाशिकला एसटी बदलली. पिंपळगावपर्यंत द्राक्षबागा होत्या, पुढे रान उजाड होत गेलं. थंडीचे दिवस, आभाळ मळकट. शेजारच्या बाईंनी बोरं पुढे केली, पण तोंडाला चवच नव्हती. चांदवडहून जीप धरली, तर जीपवाल्यानं भलत्याच फाट्यावर उतरवलं. पायपीट करत वस्तीवर पोचेस्तोवर ऊन कलायला लागलं होतं.

ज्यांच्या वावरात सुनील पडला, त्या हिराबाई ओट्यावर वाट बघत होत्या. त्यांनी आधी बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी खायला लावली, मग वावरात नेलं.

"हितंच," त्या म्हणाल्या. "घरावढा उंच व्हता, आन् एकदम दगडावानी आला."

सुनीलनं मला कितीदा समजावलं होतं. या छत्रीला कापडाचे कप्पे असतात. समोरून त्यांत वारा भरला की ती पंखासारखी ताठ होऊन तरंगते. उजवी दोरी ओढली की मागची उजवी कड खाली वाकते, ती बाजू मंदावते आणि छत्री उजवीकडे वळते. दोन्ही दोऱ्या पूर्ण ओढायच्या त्या अगदी पाय टेकताना. उंचावर ओढल्या तर पंख तरंगायचाच थांबतो. सुनीलनं घाई केली. त्याच्या धांदरटपणावरून मी त्याला जन्मभर चिडवत आले होते. त्या वावरात मला रडू आवरेना.

छत्री कांदा साठवायच्या चाळीत, वारा खेळता राहील अशा पट्ट्यांच्या शेडमध्ये, वाळत टांगली होती. अगदी लख्ख दिसत होती.

"रगत लागलं व्हतं," हिराबाई म्हणाल्या. "रगताचं कापड कुनाच्या घरी तसंच धाडीत नाय आमी. गरम पान्यात सोडा टाकून भिजवलं, दगडावर आपटलं. सुनांनी लय मेहनत घेतली."

या कापडावर वारा अडवणारा लेप असतो. सुनील त्याला साबणाचं बोटसुद्धा लावू देत नसे. तो लेप गेला की कप्प्यांत वारा टिकत नाही, आणि छत्रीचं नुसतं लुगडं होतं.

"छान धुतलंत, मावशी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी माझी ओटी भरली. "पोराला म्हनाव, बरा झाला का जेवाया ये."

परतीच्या एसटीत गाठोडं मांडीवर घेऊन मी ठरवलं, छत्री वाया गेली हे सुनीलला सांगायचं आणि त्याच दमात पायांचंही सांगून टाकायचं. त्या माउलीनं नकळत माझं काम सोपं केलं, असंसुद्धा वाटून गेलं.

घरी सुनीलनं घडी छातीवर घेतली. एक पदर सोडवून तोंडाशी धरला. "ताई, पलीकडून हात लाव."

त्यानं जोरात फुंकर मारली. त्याचा कोमट श्वास कापडातून सरळ माझ्या तळहातावर आला.

"लागतोय वारा?"

"नाही," मी म्हणाले. तो हसला आणि पुन्हा फुंकर मारायला लागला.